दिली ती काच आणि परत आली ती काच

जुन्या गाडीच्या मागच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या असतील आणि कुणी "दोन दिवसांत नव्यासारख्या करून देतो" म्हणत असेल, तर काचा त्याच्या हातात देण्याआधी एवढं वाचा. माझ्या दोन काचा गेल्या. एक कायमची खराब झाली आणि दुसरी परतच आली नाही, तिच्या जागी भलतीच आली.

गाडी १९७४ सालची, वडिलांकडून माझ्याकडे आलेली. आपण काच म्हणत असलो तरी ती असते प्लास्टिकची, आणि मागच्या दिव्यांत बहुतेक वेळा ॲक्रिलिक. वर्षानुवर्षांच्या उन्हाने माझ्या काचांवर धुरकट थर चढला होता, लाल भाग निस्तेज झाला होता, आणि रिव्हर्सच्या दिव्याची वेगळी पांढरी काच जुन्या कागदासारखी पिवळी. रात्री ब्रेक दाबला तरी उजेड कोंडल्यासारखा वाटायचा. गाडीचं बाकी सगळं काम झालं होतं, एवढंच डोळ्यांत खुपत होतं.

ओळखीतून एक जण मिळाला. फक्त जुन्या गाड्यांचे दिवे करतो म्हणाला, मोबाईलवर आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. वॉटर पेपरने, म्हणजे पाणी लावून घासायच्या बारीक पॉलिश पेपरने, हाताने घासणार, मग पॉलिश, आणि वरून उन्हापासून वाचवणारा यूव्ही कोट, असं सांगितलं. मी म्हटलं, काम करताना बसतो शेजारी. त्यावर तो म्हणाला, "माझी पद्धत मी कुणाला दाखवत नाही." मला तेव्हाच उठायला हवं होतं. उलट मी सगळे पैसे आगाऊ देऊन आलो. डावी-उजवी काच काढून दिली. रिव्हर्सच्या दिव्याचा स्क्रू गंजून बसला होता, म्हणून ती काच तेवढी गाडीलाच राहिली.

काचा परत आल्या तेव्हा खरंच चकाकत होत्या. पिशवी उघडल्यावर एक गोडसर, डोक्यात जाणारा वास आला. डाव्या काचेवरच्या उभ्या रेघांच्या खाचांमध्येही तीच चकाकी होती. आता कळतं, त्या अरुंद खाचांत वॉटर पेपर एवढा सारखा पोचूच शकत नाही. काचेवर उठून दिसणारी बारीक अक्षरं वापरलेल्या साबणासारखी गोल झाली होती. हे सगळं मी पाहिलं आणि चकाकीच्या आनंदात सोडून दिलं.

चौथ्या आठवड्यात डाव्या काचेत स्क्रूच्या भोकापासून केसासारख्या रेघा निघालेल्या दिसल्या. आधी धूळ वाटली. फडक्याने पुसलं, जाईनात. नखाने ओढून पाहिलं, नख कुठेच अडकेना, कारण रेघा प्लास्टिकच्या आत होत्या. काच उन्हात तिरकी धरली की त्या चांदीसारख्या चमकायच्या. आठवड्याभरात त्या पसरल्या.

तो वास, खाचांतली चकाकी आणि या रेघा एकत्र जोडल्यावर उलगडलं: त्याने घासलंच नव्हतं. एका भांड्यात रसायन तापवून त्याची वाफ काचेवर सोडली होती. या कामाला डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं वापरतात. वाफेने प्लास्टिकचा वरचा थर मऊ होऊन वाहतो, ओरखडे बुजतात आणि काही मिनिटांत आरसा होतो. पण उन्हापासून संरक्षण त्यातून काहीच मिळत नाही. शिवाय काच साच्यात ओतताना आणि स्क्रू आवळताना ॲक्रिलिकमध्ये ताण साठलेला असतो, आणि असं द्रव्य लागलं की तो ताण नेमका भेगांच्या रूपाने बाहेर पडतो. या भेगा कुठल्याही पॉलिशने जात नाहीत. शिवाय ही वाफ श्वासातून जाणं घातक आहे. डायक्लोरोमिथेनच्या काही भागाचा शरीरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. घरी कुणी हा प्रयोग करू नका.

उजवी काच मात्र ठणठणीत होती. मला बरं वाटलं, निदान एक तरी वाचली. मग दोन दिवस एकच प्रश्न छळत राहिला: एकाच माणसाने, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने दोन्ही केल्या, तर भेगा एकीतच का?

दोन्ही काचा उतरवून शेजारी शेजारी ठेवल्या. डावीवर, झिजलेल्या रूपात का होईना, गोलातलं इंग्रजी 'ई' आणि त्यापुढे आकडा होता. १९५८च्या जिनिव्हा करारानंतर आलेली ही मंजुरीची खूण. आकडा देशाचा, म्हणजे १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली. त्याच्या जवळ मागच्या दिव्यासाठी 'आर', ब्रेकसाठी 'एस१', इंडिकेटरसाठी '२ए' अशी अक्षरं. उजवीवर यातलं काहीच नव्हतं, काच कोरी. नारिंगी रंग किंचित भडक, कड जाड, आणि परावर्तकाच्या, म्हणजे मागून येणारा उजेड परत फेकणाऱ्या भागाच्या, आतले बारीक लोलक उथळ. बल्बचा होल्डर बदलताना मी काढलेला एक जुना फोटो सापडला. त्यात उजव्या काचेवरची खूण स्वच्छ दिसते आणि खालच्या स्क्रूजवळचा टवकाही. परत आलेल्या काचेला टवका नव्हता.

माझी अस्सल काच त्याच्याकडे राहिली आणि मला हुबेहूब बनवलेली नवी नक्कल मिळाली होती. ती नवी, वाफ न लागलेली, म्हणून तडकली नाही. माझी वाफेत फुटली म्हणून त्याने बदलली, की चांगली होती म्हणून ठेवून घेतली, हे त्याने कधीच कबूल केलं नाही. फोनवर आधी म्हणाला, "तुम्ही दिली तीच आहे." मग म्हणाला, "जुनं प्लास्टिक आहे, भेगा पडणारच." फोटो पाठवल्यावर फोन उचलणं बंद. लेखी काही नव्हतं, त्यामुळे माझ्या हातात फोटो सोडून काहीच उरलं नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते नंतर. गंजलेला स्क्रू तेल सोडून, दोन दिवस थांबून शेवटी सोडवला आणि रिव्हर्सची काच मीच साफ करायला घेतली. कोमट पाणी, भांडी घासायचा पातळ साबण आणि मऊ सुती फडकं. आतल्या बाजूने पुसलं आणि फडकं पिवळं झालं. अर्धा पिवळेपणा प्लास्टिकचा नव्हताच, आत वर्षानुवर्षं साचलेला थर होता. उरलेल्यासाठी बाहेरून २००० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाण्याखाली, एकाच दिशेने, मग त्याहून बारीक ३०००चा, मग प्लास्टिकचं पॉलिश, हाताने. एक सकाळ गेली. काच अगदी नवी नाही दिसत, पण स्वच्छ आहे आणि तडकलेली नाही.

तुम्ही करणार असाल तर थिनर, पेट्रोल, ॲसिटोन आणि अमोनियाचं काच पुसायचं द्रव ॲक्रिलिकजवळ आणू नका. बफिंगचं, म्हणजे फिरत्या चकतीने चकाकी आणायचं, मशीन एका जागी टेकवून धरलं तर काच वितळते, कारण ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. दिव्याच्या आतला चांदीसारखा मुलामा अतिशय पातळ असतो, त्याला फडकं लावू नका, पुसला की गेलाच. आणि लाल रंग उन्हाने आरपार उडाला असेल तर घासून परत येत नाही. तो आणून देतो म्हणणारा वरून रंगीत फवारा मारणार, हे धरून चाला.

दुसऱ्याकडे द्यायचीच असेल तर आधी पुढून-मागून फोटो काढा, अक्षरं आणि स्क्रूची भोकं जवळून. रबराखाली झाकल्या जाणाऱ्या कडेवर सुईने तुमची खूण करा. जोडी एकदम कधीच देऊ नका. एक काच द्या, महिनाभर उन्हात चालवा, मग दुसरी. आणि जो वापरणार असलेल्या द्रव्याचं नाव सांगायला तयार नसेल, त्याच्याकडून काचा घेऊन परत या.

तडकलेली डावी काच आणि नकली उजवी, सध्या गाडीला दोन्ही तशाच लावल्यात. अस्सल उजवी शोधतोय. काल संध्याकाळी मुलाला मागे उभं करून ब्रेक दाबला. तो म्हणाला, "बाबा, दोन्हीकडचा लाल वेगळा दिसतोय."