एकच प्लेट, दोन कथा: सेगर्स घ्यावा की रेम्ब्रांट?

डच निसर्ग-एचिंगमधलं (एचिंग म्हणजे तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून काढलेलं छापचित्र) बायबलचं एकच दृश्य छापून भिंतीवर लावायचं असेल, तर माझ्या मते निवड दोन चित्रांतूनच करावी. दोन्ही एकाच तांब्याच्या प्लेटवरून निघाली आहेत.

पहिलं सतराव्या शतकातला डच छापचित्रकार हर्क्युलीस सेगर्स याचं ‘तोबियास आणि देवदूत’. मूळ कल्पना जर्मन चित्रकार एल्सहायमरची. छापचित्रकार हेन्ड्रिक हाउटने तिचं १६१३ साली एन्ग्रेव्हिंग (धातूवर हत्याराने कोरून छापलेलं चित्र) केलं आणि सेगर्सने तीच जोडी उचलली. बायबलमधल्या कथेतला, मासा घेऊन प्रवासाला निघालेला तरुण तोबियास आणि शेजारी त्याचा सोबती, पंख असलेला देवदूत राफाएल. दोघंही चांगले मोठे, उजव्या बाजूला ठसठशीत उभे. ज्याला कथा पाहताक्षणी कळायला हवी, त्याने हे घ्यावं.

दुसरं डच चित्रकार रेम्ब्रांटचं. पुढे हीच प्लेट त्याच्या हाती आली. १६५३च्या सुमारास त्याने ती दोघं खरवडून, घासून काढली आणि तिथे झाडी रचून मरीया, बाळ येशू आणि योसेफ यांना मिसरच्या वाटेवर लावलं. ही माणसं पूर्वीच्या जोडीपेक्षा कितीतरी लहान आहेत. बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजापासून जीव वाचवत निघालेलं कुटुंब असंच दिसायला हवं: झाडांच्या सावलीत, सहज नजरेतून सुटेल असं. डावीकडचा सेगर्सचा मुलूख मात्र त्याने जवळजवळ तसाच ठेवला.

आता उजवीकडच्या झाडांत नीट बघा. तांब्यात खोल गेलेली रेघ घासून पुरती जात नाही, उरलेल्या खाचेत शाई बसतेच. त्यामुळे देवदूताच्या पंखाच्या खुणा पानांत अजून दिसतात. शेजारी ड्रायपॉइंटच्या, म्हणजे थेट तांब्यावर सुईने ओरखडलेल्या, मऊ, काळ्याभोर रेघा. छापचित्रकला शिकणाऱ्याने या एका कोपऱ्यावर अख्खी दुपार घालवावी.

डच निसर्गचित्रकार अँथनी वॉटरलोच्या बायबलमधल्या जुन्या करारावरच्या एचिंग्जही लोक सुचवतात. झाडं शिकायला त्या उत्तम, पण प्रसंग झाडीपुढे फिका पडतो.

एकच घ्यायचं तर मी रेम्ब्रांट घेईन, कारण त्यात सेगर्सही येतो. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर मोठ्या आकाराच्या प्रतिमा फुकट मिळतात. मोबाइलवर बघून ठरवू नका. मूळ छाप साधारण २१ बाय २८ सेंटिमीटरचा आहे. ए-थ्री कागदावर त्याच मापात, भोवती मोकळा समास ठेवून छापून घ्या. ए-फोरवर कडा कापल्या जातील.