आठ शनिवार, साडेसहा हजार आणि एक लॅमिनेटेड सर्टिफिकेट

संस्थेचं नाव लिहिणार नाहीये, आधीच सांगते. मला कोणाशी भांडायचं नाहीये आणि तसंही असे 'कम्युनिटी सर्व्हिस'वाले वीकेंड प्रोग्रॅम पुण्यात आता गल्लोगल्ली झालेत. लेक आठवीत आहे, पालकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की मुलांना प्रत्यक्ष कामातून शाश्वत जीवनशैली शिकवू, नोव्हेंबर ते जानेवारी, आठ शनिवार, फी ६,५०० रुपये. भरले. नवरा म्हणाला, कचरा उचलायला वर पैसे देणारे आपणच पहिले.

रेटिंग ५ पैकी ३. त्यातले अडीच एकट्या तिसऱ्या शनिवारचे.

पहिले दोन शनिवार वाया गेले. एसी हॉल, पीपीटी, वितळणारा बर्फ, पांढरी अस्वलं. अहो, हॉलपासून मुठा नदी चालत दहा मिनिटांवर, तिचा एक फोटो नाही! मग पोरांनी 'प्लॅस्टिक टाळा' अशी पोस्टरं केली, ती थर्माकोलवर चिकटवली. असो.

तिसऱ्या शनिवारी सकाळी पावणेसातला पाच-पाच मुलं एकेका कचरावेचक ताईंबरोबर सोसायट्यांमध्ये पाठवली. पुण्यात दारोदार कचरा गोळा करण्याचं बरंचसं काम 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेतल्या बायका करतात आणि त्यामागे १९९३ साली सुरू झालेली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना आहे, हे मला इतकी वर्षं इथे राहून धड माहीत नव्हतं. मी आपली रोज दारात बादली ठेवणार, ती रिकामी होणार, विषय संपला. ताईंनी भाषण वगैरे काही दिलं नाही, त्यांना वेळच नव्हता, तीन बिल्डिंगा उरकायच्या होत्या. फक्त काम करता करता बोलत होत्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा आपण कापून टाकतो ना, तो एवढासा त्रिकोण कोणी वेचू शकत नाही, तो मातीत नाहीतर गटारात जातो, म्हणून पिशवी नुसती चिरायची, तुकडा लटकत ठेवायचा आणि धुवून द्यायची, धुतलेल्या पिशवीला भंगारात भाव बरा मिळतो. आणि सुका कचरा विकून येणारे पैसे हे त्यांच्या कमाईचा भाग आहेत, त्यामुळे पुठ्ठ्यावर भाजीचा रस्सा सांडला की तो आपल्यासाठी घाण असतो, त्यांच्यासाठी तोटा.

मग एका बादलीतून काळी कॅरीबॅग निघाली, गाठ मारलेली. आत काय आहे हे उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही. ताईंनी उघडली. आत पॅड आणि डायपर, त्यातच खरकटं. पोरं मागे सरकली. ताई एवढंच म्हणाल्या, "कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढला असता तर मला हात घालायला लागला नसता."

रात्री जेवताना लेकीने विचारलं, आई, आपण कशात टाकतो? काळ्या कॅरीबॅगेतच टाकत होतो हो. लाल ठिपक्याचं वाचलं होतं कधीतरी, केलं कधीच नव्हतं. आता बाथरूममध्ये जुने पेपर आणि लाल स्केचपेन ठेवलंय.

त्यानंतर सॉर्टिंग शेडवर नेलं, तेही चांगलं झालं. तिथला कोऑर्डिनेटर मुलगा तरुण होता पण हुशार, त्याने मुलांना नुसतं बघायला न लावता एक पोतं वेगळं करायला बसवलं. एकच गोष्ट खटकली. इथे वेगळा न झालेला कचरा पुढे जातो कुठे, हे कोणी सांगितलंच नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या कचरा डेपोच्या गावांचं नावही निघालं नाही. २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले होते, नाक धरून चालत होतो आपण. लेक तेव्हा लहान होती, मग घरी मीच सांगितलं. शहराचा कचरा वर्षानुवर्षं ज्यांच्या उशाशी टाकला त्यांच्याबद्दल बोलायचंच नाही, तर मग 'शाश्वत' काय डोंबल?

आता तक्रारी. टेकडीवर वृक्षारोपण डिसेंबरमध्ये!! माझे सासरे शेतकरी, त्यांनी फोटो बघितला आणि विचारलं, पाणी कोण घालणार? खरंच कोणी नव्हतं घालणारं. रोपं लावायची पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मुळं धरायला चार महिने मिळतात, हे कोणीही सांगेल. शिवाय आपल्या टेकड्यांवरचं गवताळ माळरान म्हणजे काही मोकळी पडलेली जागा नाही, त्यावर जगणारे पक्षी-किडे आहेत, दिसेल तिथे खड्डा खणायचा नसतो. फेब्रुवारीत आम्ही मुद्दाम बघून आलो, लेकीच्या रोपाची नुसती काडी उरली होती आणि नावाची पाटी मात्र ठणठणीत.

त्याहून वाईट रामनदीची स्वच्छता. पोरांनी दोन तास राबून चौदा पोती भरली, बॅनर धरून फोटो झाले, टी-शर्ट (पॉलिस्टरचे, फीमध्येच) मिळाले आणि सगळे घरी. पोती उचलायला गाडी सांगायची राहिली. पुढच्या शनिवारी मी त्याच रस्त्याने गेले तर कुत्र्यांनी फाडून अर्धा कचरा पुन्हा उतारावर पसरवलेला. फोन केला तर "मॅडम, ते पुढच्या बॅचमध्ये घेऊ." म्हणजे तोच कचरा नवीन पोरं उचलणार, परत साडेसहा हजार देऊन!

कंपोस्टिंग ठीक होतं. टोपलीला आधी वास आला, सुका पाला वाढवल्यावर गेला.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन, पाहुणे, आणि प्रत्येकाला प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. लेकीने दुसऱ्या दिवशी ते दारात आलेल्या ताईंना दाखवलं आणि विचारलं, हे सुक्यात जाईल का? त्या म्हणाल्या, कागद सुटत नाही, प्लॅस्टिक सुटत नाही, कोण घेणार, ठेव भिंतीवर.

ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आता दर रविवारी बिल्डिंगमधल्या धुतलेल्या दूधपिशव्या गोळा करून ताईंना देतात. चेअरमनकाका आधी कुरकुरले, जिन्यात पोतं नको म्हणाले, आता त्यांच्याच घरून सगळ्यात जास्त येतात.

मुलांना अशा प्रोग्रॅमला घालायचंच असेल तर पैसे भरण्याआधी विचारून घ्या की एकाच जागी किती वेळा जाणार आणि गोळा केलेला कचरा कोण उचलणार, उत्तर देताना अडखळले तर राहू द्या. वृक्षारोपण असेल तर जूनची बॅच घ्या. शेडवर जाताना चप्पल नको, बूट घाला, काचा असतात. आणि डबा घरून द्या, तिकडे वडापाव प्लॅस्टिकच्या पिशवीत येतो.