ठाण्यातील एका महाविद्यालयाचे हर्बेरियम : नमुने पाहण्याचा आणि उसने नेण्याचा अनुभव

ऐरोलीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातर्फे खाडीकाठच्या वनस्पतींची यादी करताना गेल्या वर्षभरात मला ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, बऱ्याच वेळा जावे लागले. वाळवून जतन केलेले नमुने तिथे कसे पाहू देतात, उसने कोणाला देतात आणि कोणत्या अटींवर, याची माहिती आधी मिळाली असती तर माझ्या दोन खेपा वाचल्या असत्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पाहणीची व्यवस्था उत्तम आहे. उसनवारीचे नियमही योग्य आहेत, पण ते छापील स्वरूपात कोणाच्याही हाती दिले जात नाहीत, ही मला तिथली सर्वांत मोठी उणीव वाटली.

जाण्याआधी दोन-तीन दिवस फोन करून कोणत्या कुळातील नमुने पाहायचे आहेत ते सांगावे लागते. पिशवी, डबा आणि पाण्याची बाटली बाहेरच्या मांडणीत ठेवायची, नोंदवहीत नाव व कामाचा हेतू लिहायचा आणि टेबलाशी फक्त पेन्सिल न्यायची. खाण्याच्या वासाने कीड येते आणि शाईचा एक डागही नमुन्यावरून निघत नाही, हे कारण तिथले परिचर पहिल्याच दिवशी शांतपणे समजावून सांगतात.

कपाटातून शीट काढून देणारे हे परिचर सर्वांचे ‘मामा’ आहेत. पहिल्या भेटीत मी वरची शीट वहीचे पान उलटावे तशी उलटली, तेव्हा त्यांनी लगेच हात पुढे केला. “ताई, पान उलटल्यासारखं नका करू. दोन्ही हातांनी उचला, आडवीच सरकवा आणि बाजूला ठेवा.” शीट साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरची असते आणि तिच्यावर चिकटवलेली फांदी पन्नास वर्षांत पापडासारखी ठिसूळ झालेली असते, त्यामुळे शीट पालथी पडली की फुले आणि फळे आधी गळतात. माझ्या हातून तिवराचे एक फूल असेच सुटून टेबलावर पडले. मामांनी ते चिमट्याने उचलून शीटच्याच कोपऱ्यातल्या घडीच्या कागदी पाकिटात ठेवले आणि प्रभारी मॅडमना सांगून नोंदवहीत तशी नोंद केली. कोणी रागावले नाही, पण गळालेला तुकडा लपवायचा नाही आणि फेकायचा तर मुळीच नाही, हा नियम माझ्या कायमचा लक्षात राहिला.

जुन्या शीट हाताळताना हातमोजे घालायला लावतात आणि काम संपल्यावर हात धुवायला सांगतात. काहींना ही औपचारिकता वाटते, पण पूर्वी किडीपासून बचाव म्हणून नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत असत आणि त्याचा विषारी अंश कागदावर आजही असू शकतो. विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी तरी ही सूचना हलक्यात घेऊ नये.

माझे काम तिवराच्या दोन जातींचे होते. अ‍ॅव्हिसेनिया मरिनाचे पान टोकाला निमुळते आणि फूल लहान असते, तर अ‍ॅव्हिसेनिया ऑफिसिनॅलिसचे पान टोकाशी गोलसर आणि फूल चांगलेच मोठे असते. खाडीत उभे राहून हा फरक सोपा वाटतो, पण वाळलेल्या, काळ्या पडलेल्या फांदीवर तो मोजूनच ठरवावा लागतो. त्यासाठी एक फूल भिजवून उघडणे आवश्यक होते. शीटवरचे फूल तोडायला परवानगी नाही. मी कारण लिहून दिल्यावर मॅडमनी पाकिटातले सुटे फूल वापरू दिले, तेही एकच. गरम पाण्यात ते मऊ झाले, भिंगाखाली मोजमापे झाली आणि नंतर त्याचे सगळे भाग वाळवून त्याच पाकिटात परत गेले. डीएनएसाठी पानाचा तुकडा हवा असेल तर वेगळा अर्ज लागतो, आणि नमुन्यावर मोजकीच पाने असतील तर नकार मिळतो. मला हे अगदी बरोबर वाटते.

उसनवारीचा अनुभव मात्र संमिश्र आहे. नमुने व्यक्तीला दिले जात नाहीत, एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेला दिले जातात. हे मला कोणी आधी सांगितले नव्हते, त्यामुळे माझ्या नावाचा अर्ज घेऊन ट्रान्सहार्बर लोकलने केलेली पहिली खेप वाया गेली. दुसऱ्या खेपेला प्राचार्यांची सही होती, पण नमुने कुठे आणि कशा कपाटात ठेवणार याचा तपशील नव्हता. तिसऱ्यांदा अर्ज मंजूर झाला : सहा महिन्यांसाठी नऊ शीट, प्रत्येकीचा क्रमांक, छायाचित्र आणि आधीपासूनच्या तुटफुटीची नोंद यांसह. टाइप नमुना, म्हणजे ज्या नमुन्यावर एखाद्या जातीचे नाव आधारलेले असते तो, इथे नाही. असता तरी बाहेर दिला नसता, असे मॅडमनी सांगितले.

ही सावधगिरी का, हे दोन घटनांवरून कळते. २०१७ मध्ये पॅरिसहून ब्रिस्बेनला उसने पाठवलेले शंभराहून अधिक नमुने कागदपत्रे अपुरी म्हणून ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइन अधिकाऱ्यांनी नष्ट केले, आणि त्यांत १९व्या शतकातील टाइप नमुने होते. दुसरीकडे, १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बर्लिनच्या हर्बेरियमचा फार मोठा भाग जळाला, तेव्हा इतरत्र उसने गेलेले काही नमुने त्यामुळेच वाचले. म्हणून उसनवारी बंद करण्यापेक्षा ती नीट नोंदींनी चालू ठेवणे मला महत्त्वाचे वाटते, आणि हे हर्बेरियम ती चालू ठेवते याबद्दल मी कृतज्ञ आहे.

नमुने नेताना दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून, वर प्लॅस्टिक गुंडाळून दिले जातात आणि आडवेच न्यावे लागतात. जून ते सप्टेंबर नेऊ देत नाहीत. आपल्याकडच्या पावसात ते शहाणपणाचेच आहे, कारण दमट कागदाला बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. परत केलेला गठ्ठा थेट कपाटात जात नाही. तो आठवडाभर उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये राहतो, म्हणजे आमच्या कपाटातली कीड त्यांच्या कपाटात जाणार नाही.

नऊपैकी एका शीटवरची ओळख मला चुकीची वाटली. जुन्या लेबलवर काहीही लिहायचे किंवा खोडायचे नसते. आपले मत, नाव आणि तारीख टिकाऊ शाईने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि ती मॅडम स्वतः शीटवर चिकटवतात. चिठ्ठ्यांचा कागद आम्लविरहित हवा, ही अट मला परत करायच्या दिवशी कळली आणि सगळ्या चिठ्ठ्या तिथेच बसून पुन्हा लिहाव्या लागल्या.

लेखात संदर्भ देताना आणखी एक अडचण येते. इंडेक्स हर्बेरियोरम या जगभरातील हर्बेरियमांच्या सूचीमध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमला ‘बीएलएटी’ असा संकेत आहे, या संग्रहाला मात्र तसा संकेत नाही. त्यामुळे संस्थेचे पूर्ण नाव आणि शीटचा क्रमांक दोन्ही द्यावे लागतात, आणि छापलेल्या लेखाची एक प्रत त्यांना पाठवणे बंधनकारक आहे.

जाणाऱ्यांनी परीक्षांचा काळ टाळावा, संस्थेच्या पत्रात कपाटाचा तपशील लिहावा आणि चिठ्ठ्यांसाठी आम्लविरहित कागद सोबत न्यावा. अटींचे एक पानभर टिपण मी तयार करून मॅडमना दिले आहे. ते दाराशी लावण्याचे त्यांनी मान्य केले आहे.