तयार 'मॅप' की स्वतःचं चार ओळींचं फंक्शन?

सेन्सरचे आकडे हव्या त्या पट्टीत बसवायचे म्हटलं की आर्डुइनोवर (सेन्सर, दिवे जोडून प्रोग्राम करायचा छोटा बोर्ड) हात आधी 'मॅप' या तयार फंक्शनकडेच जातो. पोटेन्शिओमीटरचा नॉब फिरवून सर्व्हो (हव्या कोनात वळणारी मोटर) हलवायचा, एलईडीचा उजेड कमी-जास्त करायचा, एवढंच असेल तर खुशाल मॅप वापरा, पुढचं वाचूही नका.

माझं गाडं गच्चीवरच्या टाकीपाशी अडलं. टाकीच्या तळाशी प्रेशर सेन्सर, स्वयंपाकघरात पाच एलईडी. रिकाम्या टाकीचं रीडिंग 180, भरलेल्या टाकीचं 860, ते 0 ते 5 मध्ये बसवलं. चार दिवे ऐटीत लागले, पाचवा काही लागेना. मोटर चालू, मी दिव्याकडे टक लावून उभा, आणि खालचे काका ओरडतायत, "अहो, टाकी वाहतेय!"

सीरियल मॉनिटर (बोर्डकडून येणारे आकडे संगणकावर दाखवणारी खिडकी) उघडला तर रीडिंग 857. मॅप सगळा हिशेब पूर्णांकात करतं आणि अपूर्णांक सरळ छाटतं, म्हणून 4.98 चे झाले 4. पाचवा दिवा 860 गाठल्याशिवाय लागणार नाही, आणि ओव्हरफ्लोचा पाइप पाणी तेवढं चढू देत नाही.

तोडगा आहे. वरचं टोक 5 ऐवजी 6 द्यायचं आणि उत्तर 'कन्स्ट्रेन'ने 5 वर थोपवायचं. कन्स्ट्रेन तसंही लागतंच, कारण मॅप स्वतः हद्दीत थांबत नाही. वायर सैल होऊन रीडिंग 20 आलं की उत्तर उणे 1. टोक 6 केल्याने वाटण्याही समान पडतात. पण दोन महिन्यांनी कोड उघडला की डोकं खाजवायचं: दिवे पाच, मग इथे सहा कशाला?

म्हणून मी स्वतःचं लिहिलं. रीडिंगमधून 180 वजा, 680 ने भागाकार, उत्तर 0 ते 1 मध्ये अडवायचं, 5 ने गुणून राउंड. फक्त भागाकाराआधी आकडा फ्लोट (अपूर्णांक सांभाळणारा प्रकार) करायला विसरू नका, नाहीतर टाकी भरेपर्यंत 0 च दिसेल. आर्डुइनो उनो R3 बोर्डच्या चिपमध्ये फ्लोटसाठी वेगळं हार्डवेअर नाही, त्यामुळे फ्लोटचा हिशेब हळू चालतो. सेकंदाला एक रीडिंग घेणाऱ्या माझ्या टाकीला ते कधी जाणवलं नाही. तुमचं काम मायक्रोसेकंदांचं असेल तर गोष्ट वेगळी.

राउंड केल्याने पहिल्या आणि शेवटच्या पायरीला निम्मीच जागा मिळते, हेही खरं. पण पाचवा दिवा आता 792 लाच लागतो, आणि मोटरचं बटण पार्किंगमध्ये आहे. तीन जिने उतरायला तेवढा वेळ पुरतो.