अ‍ॅडकॉम जीएफए-५५५: जुना पॉवर अ‍ॅम्प होम थिएटरला जोडावा का?

जीएफए-५५५ हा अ‍ॅडकॉम या अमेरिकी कंपनीचा, नेल्सन पास या डिझायनरचा पॉवर अ‍ॅम्प (सिग्नलची ताकद वाढवून स्पीकर चालवणारं यंत्र) १९८५ च्या सुमाराचा. दोन चॅनल, ८ ओहमवर प्रत्येकी २०० वॅट आणि ४ ओहमवर ३२५ वॅट. आजही सेकंडहँडमध्ये तो सहज दिसतो, आणि होम थिएटरच्या रिसीव्हरला (सगळे सिग्नल घेऊन सगळे स्पीकर चालवणारा डबा) कमी पडणारी ताकद यातून भरून काढावी असं अनेकांना वाटतं. ताकद मिळते, पण कागदावर दिसते तेवढी कानाला जाणवत नाही.

८० वॅटच्या रिसीव्हरवरून २०० वॅटवर गेलं की वाढ मिळते जेमतेम ४ डेसिबलची. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (१ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देणारा) स्पीकर ३ मीटरवर ऐकत असाल, तर खोलीची मदत धरून १ वॅटला साधारण ८० डेसिबल मिळतात. ९५ डेसिबलच्या शिखराला सुमारे ३२ वॅट पुरतात, १०० डेसिबलला १०० वॅट लागतात. म्हणजे ८ ओहमचे स्पीकर असतील आणि आवाज मध्यम ठेवत असाल, तर हा अ‍ॅम्प जोडून पदरी पडतं ते मुख्यतः वजन आणि विजेचं बिल. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये समोरचे (फ्रंट) स्पीकर 'स्मॉल' करून ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे दिलं असेल तर तफावत आणखीच आटते.

खरा फायदा ४ ओहमच्या किंवा इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विरोध) मध्येच खाली घसरणाऱ्या टॉवर स्पीकरना. रिसीव्हरचे सगळे चॅनल एकाच पॉवर सप्लायवर जगतात; त्यातले दोन सगळ्यात खादाड स्पीकर बाहेर काढले की सेंटर आणि सराउंडला मोकळा श्वास मिळतो, रिसीव्हर तापतही कमी. सराउंडसाठी मात्र असा अ‍ॅम्प लावणं म्हणजे मुंगीला मारायला हातोडा.

रिसीव्हरला 'फ्रंट प्री-आउट' हवंच, म्हणजे समोरच्या दोन चॅनलचा सिग्नल आतल्या अ‍ॅम्पच्या आधीच बाहेर देणारी जोडणी. 'झोन २' असं लिहिलेलं, दुसऱ्या खोलीसाठीचं आउटपुट ते नव्हे. ही चूक फार होते. दोन आरसीए केबल, शक्य तितक्या आखूड, प्री-आउटमधून अ‍ॅम्पच्या इनपुटला. स्पीकरच्या तारा रिसीव्हरवरून काढून अ‍ॅम्पला लावा. रिसीव्हरचे ते टर्मिनल रिकामेच राहू द्या. अ‍ॅम्पवरचा ब्रिज स्विच (दोन चॅनल जोडून एक करणारा) 'स्टीरिओ'वर आहे ना, हे तार लावण्याआधी बघा. ब्रिज मोडमध्ये जोडणी वेगळी असते आणि स्पीकरची कुठलीही तार ग्राउंडवर नसते.

लेव्हल जुळतात का? २०० वॅटसाठी या अ‍ॅम्पला सुमारे १.७५ व्होल्ट लागतात, म्हणजे गेन (सिग्नलची वाढ) २७ डेसिबलच्या आसपास. बहुतेक रिसीव्हरच्या आतल्या अ‍ॅम्पचा गेनही याच घरातला असतो, त्यामुळे फरक डेसिबल-दोन डेसिबलचा आणि तो ट्रिममध्ये (रिसीव्हरमधली प्रत्येक चॅनलच्या पातळीची सेटिंग) भरून निघतो. माइक लावून ऑडिसी, वायपीएओ जे असेल ते स्पीकर आपोआप जुळवणारं कॅलिब्रेशन पुन्हा चालवा; जुनी सेटिंग तशीच ठेवली तर सेंटरमधले संवाद दबतात किंवा उसळतात. जास्त गेनचा दुसरा एखादा अ‍ॅम्प जोडला आणि ट्रिम -१२ ला जाऊन अडकला, तर आरसीएच्या तोंडाशी ६ किंवा १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावावा. आणखी एक गोम: काही रिसीव्हरमध्ये आतला अ‍ॅम्प क्लिप होऊ लागला (ताकद संपून सिग्नल कापू लागला) की प्री-आउटचा सिग्नलही बिघडतो. डेनॉनच्या एक्स३७००एचसारख्या मॉडेलमध्ये आतले अ‍ॅम्प बंद ठेवणारा 'प्री-अ‍ॅम्प मोड' आहे. तो असेल तर वापरा.

अ‍ॅम्प चालू करण्याआधीची तपासणी टाळू नका, कारण ५५५ मध्ये स्पीकर वाचवणारा आउटपुट रिले (बिघाड होताच जोडणी तोडणारा स्विच) नाही. आधी मागची व्होल्टेजची पट्टी वाचा: १२० व्होल्टचा नग २३० वर लावलात तर फ्यूज, ट्रान्सफॉर्मर किंवा आणखी काही जाणार. मग मेनच्या लाइनमध्ये १०० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. झगझगीतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. पुढची पायरी डीसी ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुटवर राहणारा, स्पीकरला घातक डीसी व्होल्टेज. बल्ब काढा, स्पीकर न जोडता इनपुट शॉर्ट करा (मधली पिन बाहेरच्या कडीला जोडा), पंधरा मिनिटं तापू द्या आणि मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही आउटपुट मोजा. ३० मिलिव्होल्टच्या आत उत्तम, ५० पर्यंत चालेल. १०० च्या वर गेला तर दुरुस्ती होईपर्यंत त्याला स्पीकर दाखवू नका.

स्पीकरमधून सतत गुणगुण आली तर आधी आरसीए अ‍ॅम्पकडून काढा. गेली, तर दोष ग्राउंड लूपचा (उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या नकोशा करंटचा). बहुधा केबल टीव्हीची कोअ‍ॅक्शियल तार तो आणते. ती काढून बघा, रिसीव्हर आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डवर घ्या, नाहीतर सिग्नलच्या लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. प्लगची अर्थिंगची पिन कापणं हा इलाज नाही, तो जिवाशी खेळ आहे. आरसीए काढूनही गुणगुण राहिली तर मात्र अ‍ॅम्पचे फिल्टर कपॅसिटर संशयित.

चालू करताना आधी रिसीव्हर, मग अ‍ॅम्प. बंद करताना उलट. नाहीतर 'ठप्प' आवाज स्पीकरमधून जातो. जुन्या रिसीव्हरच्या मागच्या स्विच्ड सॉकेटला हा अ‍ॅम्प लावू नका. ते सॉकेट बहुधा १०० वॅटच्या आसपासच्या छोट्या उपकरणांसाठी असतं. ५५५ ला १२ व्होल्टचा ट्रिगर (रिसीव्हरच्या इशाऱ्याने आपोआप चालू-बंद होण्याची सोय) नाही, म्हणून रिसीव्हरच्या ट्रिगरवर चालणारा बाहेरचा रिले-बॉक्स घ्यावा, सुरुवातीच्या करंटच्या झटक्याला पुरेल अशा रेटिंगचा. वरती हात जाईल एवढी तरी मोकळी जागा ठेवा. समोरच्या पट्टीवरचे, आवाजातली विकृती (डिस्टॉर्शन) दाखवणारे लाल दिवे मोठ्या प्रसंगात लुकलुकले तर समजा अ‍ॅम्प हद्दीवर आला आहे. पण ते दिसण्याआधी शेजारी दार वाजवतील.

विकत घेताना नंतरच्या ५५५ टू आणि ५६५ मोनोब्लॉकबद्दल (एकाच चॅनलचा अ‍ॅम्प) सावध राहा: त्यांच्या इनपुट बोर्डावरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात, द्रव बोर्ड कुरतडतो आणि ऑफसेट सरकतो. कपॅसिटर बदलण्याआधी बोर्ड नीट धुवावा लागतो, नाहीतर नवे भाग लावूनही दोष परततो. विक्रेता झाकण उघडू देत नसेल तर तो नग तिथेच सोडलेला बरा.