कुत्र्याला आकडी येते, तोल जातो, कारण सापडत नाही: रक्त तपासणी, औषध देऊन बघणं की थेट एमआरआय?

रक्ताचे रिपोर्ट ठीक, एक्स-रे स्वच्छ, तरी कुत्रा पडतोय. अशा वेळी तीन वाटा सुचवल्या जातात: आणखी रक्त-लघवी तपासा, औषध सुरू करून फरक पडतो का बघा, किंवा बेशुद्ध करून एमआरआय काढा. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो क्रमात.

त्याआधीची वीस मिनिटं

दिसलं ते नक्की काय होतं? आकडीत बहुधा अंग ताठ होतं, पाय झटकतात, जबडा चावल्यासारखा हलतो, लघवी सुटते. एक-दोन मिनिटांनी थांबलं तरी कुत्रा बराच वेळ भांबावलेला राहतो. धावताना किंवा खूप खूश झाल्यावर एकदम गळून पडला आणि काही सेकंदांत नेहमीसारखा उठला, तर संशय हृदयावर आधी घ्यायचा आणि ईसीजी, इको करायचा. मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात डोळे आणि चारही पाय दिसू द्या. तोंडी वर्णनापेक्षा डॉक्टरांना त्याचा उपयोग जास्त होतो.

मग हाताने केलेली मज्जासंस्थेची तपासणी. पंजा उलटा टेकवला तर तो लगेच सरळ करतो का, डोळ्यासमोर हात नेल्यावर पापणी मिटते का, बुबुळं आडवी सरकतात की उभी, मान दाबल्यावर कण्हतो का. बिघाड मेंदूत, कानात, मानेत की नसांत, हे यातून ठरतं. ते ठरल्याशिवाय एमआरआय डोक्याचा काढायचा की मानेचा, हेही सांगता येत नाही. घाईच्या ओपीडीत ही तपासणी हमखास सुटते. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर अशा शासकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत रेफरल घेऊन जायचं असेल, तर 'न्यूरो तपासणी हवी' असं स्पष्ट सांगा.

रक्त-लघवी: स्वस्त, पण नीट घेतली तरच

साखर, कॅल्शियम, सोडियम, यकृत, मूत्रपिंड या मेंदूबाहेरच्या कारणांसाठी ही वाट उत्तम. मेंदूतली गाठ किंवा सूज मात्र इथे बहुधा दिसत नाही.

साखरेचा नमुना साध्या नळीत तासन् तास पडून राहिला तर रक्तपेशीच साखर खातात आणि आकडा खोटा कमी येतो. फ्लोराइडची नळी वापरा किंवा लगेच तपासा. पिल्लू जेवल्यानंतर सुस्त, हरवल्यासारखं होत असेल तर नुसतं एसजीपीटी (यकृताची नेहमीची रक्त तपासणी) पुरत नाही. यकृताला वळसा घालणारी रक्तवाहिनी जन्मजात असू शकते, आणि तेव्हा हे आकडे जवळपास नॉर्मल असू शकतात. त्यासाठी पित्ताम्लांची, म्हणजे यकृत नीट काम करतंय का हे दाखवणारी चाचणी: १२ तास उपाशी ठेवून एक नमुना, खाऊ घातल्यावर २ तासांनी दुसरा.

गोचीड तापाबद्दल आपल्याकडे विशेष गोंधळ आहे. अँटिबॉडीच्या किटवर 'पॉझिटिव्ह' म्हणजे संसर्ग कधीतरी झाला होता, एवढंच. गोचिडांच्या भागात राहणाऱ्या कुत्र्यात तो रिपोर्ट आकडीचं कारण ठरत नाही. प्लेटलेट किती आहेत ते बघा आणि पीसीआरचं (प्रत्यक्ष जंतूचा अंश शोधणाऱ्या चाचणीचं) रक्त डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी काढा.

औषध देऊन बघणं: कोणतं औषध, यावर सगळं

डॉक्सिसायक्लिन दिवसाला किलोमागे १० मि.ग्रॅ., २८ दिवस: गोचीड तापाचा खरा संशय असेल तर समजण्यासारखं आहे. खाण्यासोबत द्या, नाहीतर उलटी होते.

फेनोबार्बिटोन हे आकडी रोखणारं औषधही योग्य ठरतं, पण अट आहे. पहिली आकडी ६ महिने ते ६ वर्षे या वयात, दोन आकड्यांच्या मधल्या काळात तपासणी पूर्ण नॉर्मल, आणि ६ महिन्यांत दोन किंवा जास्त आकड्या.

स्टिरॉइडचं मात्र तसं नाही. दोन दिवसांत कुत्रा टवटवीत दिसतो, म्हणून ते लगेच टोचलं जातं. पण मेंदूची दाहजन्य सूज आणि लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) दोन्ही त्याने तात्पुरते दबतात, नंतर एमआरआय आणि मणक्याचं पाणी (मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव) दोन्ही फसवे येऊ शकतात, आणि मुळात संसर्ग असेल तर तो भडकतो. जीव धोक्यात नसेल तर आधी चाचणी, मग स्टिरॉइड.

उलट दिशेनेही बघा: जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू आहे का? मोठ्या डोसात किंवा बरेच दिवस दिलं तर त्यानेच तोल जातो, बुबुळं लटपटतात. ते बंद करणं हाच उपाय असतो.

एमआरआय आणि मणक्याचं पाणी

पूर्ण भूल लागते, म्हणून आधी रक्त तपासणी आणि उपास. धातूचा पट्टा काढा. मायक्रोचिप असेल तर सांगा, मानेच्या चित्रात तिथे काळा डाग येतो. मणक्याचं पाणी बहुधा मानेमागून काढतात, आणि ते एमआरआय बघितल्यावरच. डोक्यात दाब वाढलेला असताना सुई घातली तर मेंदू खाली सरकू शकतो. या पाण्यातल्या पेशी लवकर फुटतात, म्हणून मोजणी तासाभरात व्हायला हवी. लॅब दुसऱ्या शहरात असेल तर ही सोय आधी विचारून घ्या.

'सीटी स्वस्त आहे, तेच करू' हेही ऐकू येतं. हाडं, फ्रॅक्चर, मधला कान यासाठी सीटी चांगला आणि झटपट. मेंदूच्या मागच्या भागात मात्र कवटीच्या जाड हाडांमुळे चित्र पट्टेदार येतं. तोल जाण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच असतं.

कोणी काय निवडावं

तीन वर्षांचा लॅब्रेडॉर, चार महिन्यांत दोन आकड्या, एरवी ठणठणीत: रक्त, पित्ताम्लं, मग फेनोबार्बिटोन. एमआरआय थांबू शकतो.

नऊ वर्षांचा बॉक्सर, पहिलीच आकडी, एकाच दिशेने गोल फिरतोय: रक्त ठीक येताच एमआरआय. या जातीत मेंदूची गाठ तुलनेने जास्त दिसते.

बारा वर्षांचा कुत्रा, अचानक डोकं कललेलं, बुबुळं आडवी सरकतायत, पण पंजे नीट टेकतो: कान तपासा, रक्तदाब मोजा, उलटीचं औषध द्या, ७२ तास बघा. म्हाताऱ्या कुत्र्यांत हे बरेचदा आपोआप ओसरतं. बुबुळं उभी सरकत असतील तर थांबू नका.

लस न झालेलं पिल्लू, झोपेतही एकच स्नायू ठेक्यात उडतोय: डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराचा संशय. डोळ्याचा स्वॅब आणि लघवी पीसीआरला द्या. एमआरआयचे पैसे वाचवा.

जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, स्वभाव एकदम बदललाय: रेबीज बाजूला सारल्याशिवाय 'घशात काही अडकलंय का' म्हणून तोंडात हात घालू नका. जिवंत कुत्र्यात खात्रीची चाचणी नाही. लाळ जखमेवर लागली असेल तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

आणि पाच मिनिटांपेक्षा लांबलेली किंवा २४ तासांत दुसरी आकडी आली, तर वरची कुठलीच तुलना लागू नाही. सरळ इमर्जन्सी गाठा. रक्ताचा नमुना तिथे सलाइन लावतानाच काढता येतो.