बिनटाक्याची पुरुष नसबंदी: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला माझा अनुभव

फेब्रुवारीत आमच्या उपजिल्हा रुग्णालयात ऑपरेशन करून घेतलं. वय 35, धंदा दुधाचा, दोन मुली, दोन्ही सिझर. दुसऱ्या सिझरच्या वेळीच बायकोचं ऑपरेशन उरकायचं ठरलं होतं, पण रक्त इतकं गेलं की ते राहिलं आणि रात्रीत तीन पिशव्या चढवाव्या लागल्या. जिन्यात बसल्या बसल्या मी ठरवलं, हिच्या पोटाला आता पुन्हा सुरी लागू द्यायची नाही.

घरी वाद झाला. आम्ही माळकरी. आई म्हणाली, "ज्यानं चोच दिली तो चारा देईल. देवाची वाट बंद करणारा तू कोण?" नातू हवा म्हणून ती बोलत नव्हती, तिची श्रद्धाच तशी आहे. माझीही आहे. पण गोठ्यात चारा पहाटे पाचला मी टाकतो. ते काम विठ्ठलानं माझ्याकडे दिलंय असंच मी मानतो. गाय व्यायली की दोन-अडीच महिने आपण तिला पुन्हा गाभण राहू देत नाही, अंगात ताकद येऊ देतो. तेव्हा देवाच्या कामात हात घातला असं घरात कुणी म्हणत नाही. मग घरच्या बाईच्या वेळी सगळं देवावर का सोडायचं? हे बोललो तेव्हा आई गप्प झाली. पटलं असं नाही, पण अडवलंही नाही.

आता दवाखान्याबद्दल. आशाताईंनी केसपेपर काढून दिला. सिस्टरनी संमतीपत्र ओळ न् ओळ वाचून दाखवलं: हे कायमचं आहे, क्वचित फसूही शकतं, आणि निर्णय माझ्या मर्जीचा आहे. "कुणाच्या सांगण्यावरून आलात का?" हे त्यांनी तीनदा विचारलं. मला ते फार मोलाचं वाटलं. आमचे चुलते आणीबाणीत ज्वारीच्या रानात लपून राहिले होते. 1976 साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. ज्याला धरून नेलं त्याच्याकडे जबाबदारी कसली आली? मी मात्र स्वतः सही केली.

टेबलावर गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागेल का, एवढीच मला भीती. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या, आपलं काम खाली आहे." भुलीची सुई झोंबते. नंतर आत कुणीतरी दोरी ओढल्यासारखं वाटतं, पोटात कळ येते आणि जाते. एकच बारीक छिद्र, दोन्ही नळ्या तिथूनच बाहेर घेऊन कापून बांधतात. पंधरा-वीस मिनिटं. टाका नाही. अर्ध्या तासानं चालत बाहेर आलो. दोन दिवस सूज होती, घट्ट लंगोट वापरला. कळशी, पेंडीचं पोतं आठ दिवस उचललं नाही, धारा भावानं काढल्या. अंगातली ताकद कमी झालेली नाही आणि संसारातही काही फरक नाही, हे स्पष्ट लिहितो, कारण गावात पहिला प्रश्न तोच येतो.

तक्रारी दोन. समुपदेशन व्हरांड्यातल्या बाकावर झालं, शेजारी ओळखीचे लोक बसलेले. खोली द्यायला हवी. दुसरी जास्त गंभीर: तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करायची असते, त्याची आठवण कुणी केली नाही. मीच कॅलेंडरवर खूण केली होती म्हणून गेलो. नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात, त्यामुळे ते शून्य आल्याचा कागद हातात येईपर्यंत निरोध वापरावाच लागतो. हे ज्याला माहीत नाही, त्याच्या घरी पुन्हा दिवस गेले तर दोष बायकोवर येतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या शंभर जोडप्यांमागे बायकोची नसबंदी झालेली 37.9 आणि नवऱ्याची झालेली 0.3 आहेत. त्या दिवशी वॉर्डात पुरुष मी एकटाच होतो, समोरच्या रांगेत अकरा बायका.

डॉक्टर आणि सिस्टरना पाचपैकी पाच, दवाखान्याच्या व्यवस्थेला तीन. पैशासाठी किंवा कुणी ढकललं म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. सिस्टर विचारतीलच.